बाभळीची मूठ

माझा हात लहान आहे. कासार वस्तीवर आला की मला माप विचारायचा नाही. दोन-दोनच्या मापाच्या बांगड्या काढायचा आणि दर वेळी तेच म्हणायचा, "तुमच्या हातात पोरीच्या बांगड्या बसत्यात." पुढं अंग सुटलं, केस पिकले, हात मात्र तेवढाच राहिला. ह्याच हातानं चाळीस वर्षं खुरपलं, म्हशी पिळल्या, नवऱ्याचं सात वर्षांचं अंथरूण काढलं. कुठं म्हणून अडलं नाही. अडलं ते एकदाच, रिव्हॉल्वरपाशी.

आता तुम्ही म्हणाल, पारनेरच्या रानातल्या म्हातारीचा आणि रिव्हॉल्वरचा काय संबंध? संबंध लग्नानं आला. आमचे हे फौजेत होते. हवालदार होऊन घरी आले आणि त्याच साली शेजारच्या वस्तीवर चोर पडले, म्हाताऱ्याचं डोकं फोडून गेले. तेव्हा ह्यांनी रीतसर परवाना काढला आणि सरकारी कारखान्यातलं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर घेतलं. काळं, जड, दोन्ही बाजूंनी लाकडी मूठ. कुलपातल्या पेटीत असायचं. कधी लग्नात मिरवलं नाही की यात्रेत बार काढला नाही. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ते बाहेर यायचं.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळी हत्यारं पुजतात. कोयता, विळा, खुरपी, कुऱ्हाड, अलीकडं फवारणीचा पंपसुद्धा. पाट मांडायचा, हत्यारं धुऊन पुसून ठेवायची, हळद-कुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. ह्या सगळ्यांच्या मधोमध रिव्हॉल्वर. हे धडधाकट होते तोवर त्याची पूजा हे स्वतः करायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत असं नाही, पण मीच लावायचे नाही. मग ह्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवं अंग गेलं, आणि पूजा माझ्याकडं आली. हे खाटेवरून बघायचे आणि मी मनापासून करायचे. मनापासून म्हणजे किती, ते पुढं कळेलच.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. दहावा झाला, तेरावा झाला. परवाना ज्याच्या नावावर तो माणूस गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही, जमा करावं लागतं. मी आणि माझे धाकटे दीर, दोघं जाऊन ते नगरच्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडं जमा करून आलो. कागदावर आता अहिल्यानगर लिहितात, पण आमच्या तोंडून नगरच निघतं.

खरं सांगते, तोवर माझ्या मनात ते विकायचंच होतं. परतीच्या वाटेवर चहाला थांबलो. भावजींनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि म्हणाले, "वहिनी, आता कागद करून टाकू. माझ्या नावावर घेतो मी त्ये."

"तुम्हाला कशाला हवंय?"

"कशाला म्हंजी? घरान्याची वस्तू हाय. गावात चार मान्सांत उठबस असती आपली. कमरंला असलं म्हंजी शोबतं."

"आणि मी वस्तीवर एकटी असते ते?"

तेव्हा ते हसले. वाईट हसले नाहीत, अगदी मायेनं हसले. तेच मला लागलं. म्हणाले, "तुमी काय करनार त्याचं? पूजा? बाईमान्साच्या हातात खुरपं बरं."

मी चहा संपवला. पण एसटीत बसल्यावर माझा हात मांडीवर उलटा-पालटा करून बघत बसले. ह्याच हातानं तुमच्या भावाला सात वर्षं घास भरवला, भावजी. तेव्हा हा हात बाईचा आहे हे कुणाला आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी परत नगरला गेले आणि माझ्या नावानं अर्ज घेतला.

कचेरीतला कारकून चांगला होता, पण त्यानं अर्ज दोनदा उलटून बघितला. "आजी, हा अर्ज तुमचाच?"

"माझाच."

"वय?"

"चौसष्ट. का, उमर झाली म्हणून चोर माघारी जातात का?"

तो हसला आणि त्यानं कागदांची यादी सांगितली. वारस म्हणून मला मागता येत होतं, पण बाकीच्या वारसांची संमती हवी होती, आणि हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र हवं होतं. मला मुलगा नाही, दोन मुली. धाकटीनं फोनवरच "दिली संमती" म्हणून सांगितलं. थोरली पुण्याला असते, शाळेत शिकवते. ती अडून बसली.

"आई, तुला बंदूक कशाला? पुण्याला ये ना राहायला."

"पुण्याला येऊन काय करू? तुझ्या गॅलरीत म्हैस बांधू?"

"काकांना देऊन टाक. नाहीतर विक."

"का? मला का नको?"

"कारण तू स्वतःच्या पायावर गोळी झाडून घेशील म्हणून!"

मुलगी आहे माझी, तोंड माझ्यासारखंच आहे. शेवटी आमचं असं ठरलं की, मी प्रशिक्षण पास झाले तर ती सही करणार. नाही झाले तर रिव्हॉल्वर भावजींच्या नावावर, आणि मी त्यावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. शब्दाला शब्द दिला. भावजींना कळलं तेव्हा त्यांनी नुसतं "बरं बरं" म्हटलं, आणि पट्ट्याला लावायचं चामड्याचं म्यान घेऊन आले. मला दाखवायला वस्तीवर आले हो ते! नवं कोरं, वासाचं.

प्रशिक्षण नगरबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर होतं. आम्ही सातजण, त्यांत मी एकटी लुगड्यातली. शिकवणारे निवृत्त सुभेदार, मिशीवाले, आवाज मोठा. पहिला तास नुसता बोलण्याचा होता. हत्यार नेहमी भरलेलंच आहे असं समजायचं, तोंड कुणाकडं करायचं नाही, मारायचं ठरेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही. हे सगळं मला पटकन समजलं. कोयता हातात घेऊन चार बायकांच्या रांगेत ऊस तोडणारीला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मग त्यांनी आमच्या घरच्यासारखंच एक रिव्हॉल्वर, रिकामं, माझ्या हातात दिलं. मी धरलं. मूठ माझ्या तळव्यात मावेना. तळवा बरोबर बसवला तर बोट चापापर्यंत पोचेना. बोट पोचवायला गेले की हात वळायचा आणि नळीचं तोंड डावीकडं जायचं. डावीकडं आमच्या सातांतलेच एक पेट्रोलपंपवाले उभे होते. ते एक पाऊल मागं सरले.

"ताई, थांबा," सुभेदार म्हणाले. त्यांनी माझा हात धरून बघितला. "बोट पोचत नाहीये तुमचं."

"पोचवते की."

"पोचवलं की हत्यार फिरतंय. हे धोक्याचं आहे. ताकदीचा प्रश्न नाही, मापाचा आहे. अशा हातानं मी तुम्हाला पास करणार नाही."

मला राग आला, पण माणूस खोटं बोलत नव्हता. मी त्यांनाच विचारलं, "मग लहान हाताच्या माणसानं काय करायचं?"

"मूठ बदलायची. बाजारात वेगळ्या मुठी मिळतात, रबराच्या. विक्रेत्याला विचारा. पुढच्या महिन्यातल्या तुकडीत या."

मला हे माहीतच नव्हतं. हत्यार कारखान्यातून येतं तसंच राहतं, देवासारखं, असं मी समजत होते. मूठ बदलता येते! मग इतकी वर्षं ज्यांचे हात मोठे त्यांच्याच मापानं सगळं का केलं? कारण मागणारे तेच होते, दुसरं काय.

विक्रेत्याचं दुकान जुनं. मालक माझ्यापेक्षा थोडे लहान, डोळ्यावर भिंग लावून काम करतात. त्यांनी रबरी मूठ मागवली. पंधरा दिवसांनी आली. मऊ, काळी, पुढच्या बाजूला बोटांसाठी खाचा केलेली. मी धरून बघितली आणि मला हसूच आलं. त्या खाचा कुणा दांडग्या बाप्याच्या बोटांच्या. माझी बोटं सरीत बसायची सोडून वरंब्यावर बसली! आणि जाडी पहिल्यापेक्षा जास्त.

"ह्याच्यापेक्षा बारीक येत नाही, मावशी," ते म्हणाले. "जी काय मिळते ती हीच."

मी ती मूठ काउंटरवर ठेवली. डोळ्यांपुढं भावजींचं ते म्यान आलं. आणि त्याच वेळी त्यांचं बोलणंही आठवलं, बाईमान्साच्या हातात खुरपं बरं. खुरपं! माझं खुरपं मी कधी बाजारातून मुठीसकट आणलं नाही. पातं लोहाराकडचं, मूठ सुताराकडची, माझा हात बघून केलेली. आमच्याकडं बायका खुरपं एकमेकींना देत नाहीत. भांडण म्हणून नव्हे. दुसरीच्या खुरप्यानं हाताला फोड येतो म्हणून.

"दादा," मी म्हटलं, "लाकडाची मूठ करून आणली तर?"

त्यांनी भिंग वर केलं. "कायद्यानं मुठीला अडचण नाही. लाकडाच्या दोन फळ्या असतात, एक स्क्रू. पण नळी, चाप, आतलं काहीही, तिकडं कुणाला हात लावू द्यायचा नाही. तुम्ही नुसत्या फळ्या करून आणा. बसवणार मी."

"माप कसं न्यायचं?"

"जुन्या फळ्या देतो नमुन्याला. हाताचं माप तुम्ही बघा."

हाताचं माप मी बघितलं. पुढच्या वेळी डब्यात घट्ट कणीक मळून घेऊन गेले. दुकानात अजून दोन गिऱ्हाईकं बसली होती, ती बघत राहिली. मालकांनी आमचं रिव्हॉल्वर आणलं, रिकामं आहे हे मला दाखवायला उघडायला गेले, तर ते उघडेना. जोर लावून उघडलं, तर आतली गोळ्यांची चाकी फिरेना. मग त्यांनी स्क्रू काढून जुन्या फळ्या सोडवल्या. आत लाल. तांबडा-काळा राप, पापुद्र्यासारखा.

त्यांचा चेहरा गंभीर झाला. "मावशी, हे काय आहे?"

मी वाकून बघितलं. लगेच ओळखलं. "कुंकू."

"काय?"

"कुंकू. आणि ते पिवळं दिसतंय ती हळद."

"आणि हे चिकट?"

"शेंगदाण्याचं तेल. घाण्यावरचं, चांगलं. पूजेआधी पुसून घेत होते ना."

सात खंडेनवम्या, एकसुद्धा चुकली नाही. सगळ्या हत्यारांपेक्षा त्याला जास्तच वाहायचे, ह्यांच्या जिवासाठी. एकेक चिमूट फटीतून आत जात होती, वर गोडं तेल, त्याचं सगळं गोंदासारखं होऊन बसलं होतं. परवान्याच्या नूतनीकरणाला नुसता नंबर बघायचे, जमा करतानाही तेवढाच बघितला, कुणी उघडून बघितलं नाही.

"म्हणजे हे चाललंच नसतं?" मी विचारलं.

"कधीचंच नाही. अशा अवस्थेत चालवलं असतं तर तुम्हालाच इजा."

गिऱ्हाईकं हसायला लागली. मीही हसले. सात वर्षं उशाशी पेटी ठेवून झोपले. कुत्रं भुंकलं की पेटीवर हात ठेवायचे, बरं वाटायचं. भावजींना जे कमरेला लावून मिरवायचं होतं तेही हेच. आम्ही सगळे एका बंद पडलेल्या लोखंडाच्या भरवशावर!

"साफ होईल का?"

"होईल. पण परत कुंकू लावलंत तर मी हात लावणार नाही."

"पेटीला लावीन," मी म्हटलं. "देवाला चालतं."

मग त्यांनी उघडी बाजू माझ्यापुढं धरली, आणि मी त्यावर कणीक थापून माझा हात दाबला. आंगठा कुठं, करंगळी कुठं, म्हशी पिळून वाकडं झालेलं मधलं बोट कुठं, सगळं त्यात उमटलं. तो गोळा डब्यात घालून एसटीनं पारनेरला आणला.

आमचा सुतार म्हातारा आहे, माझ्या लग्नाआधीपासून पेरणीच्या पाभरी करतो. त्याच्याकडं आमच्याच मोडक्या पाभरीचं दिंड, म्हणजे तिचं जाड आडवं लाकूड, घेऊन गेले. बाभळीचं, तीस पावसाळे खाल्लेलं, आता त्याला चीर जायची नाही.

त्यानं जुन्या फळ्या बघितल्या, कणकेचा गोळा बघितला. "आक्का, ह्ये कशाचं खुरपं म्हनायचं?"

"नवीन निघालंय. चोराचं तण काढायचं."

"आनि ह्यो गोळा? भाकरी करू का मूठ?"

"आधी मूठ कर. भाकरी मी घालीन."

पहिली जोडी फसली. चूक माझी. कणीक वाळून आटली होती, त्या मापानं केलेली मूठ इतकी बारीक झाली की नगरला बसवून बघितल्यावर लोखंडाचा कंगोरा माझ्या आंगठ्याच्या बेचक्याला लागायला लागला. शिवाय स्क्रूच्या भोकापाशी लाकूड तडकलं. मी हिरमुसले. सुतार मात्र म्हणाला, "लाकूड हाय का आजून? मग रडायला काय झालं? तुझा हातच आन हिकडं." त्यानं माझा हात घेतला, कोळशानं फळीवर आखला, आणि दुसरी जोडी करताना मधे लोखंडाच्या जाडीची पट्टी घालून दर घडीला माझ्या हातात देऊन बघितली. कानशीनं एक केस काढायचा, द्यायचा. "बसतंय?" "आंगठ्याखाली टोचतंय." परत केसभर. चार वेळा पारनेरला गेले. शेवटी ती मुठीत अशी बसली की धरलंय हेच विसरायला झालं. विक्रेत्यांनी ती साफ केलेल्या रिव्हॉल्वरला बसवली, फिरवून बघितली, भिंगातून सांधा तपासला आणि म्हणाले, "मावशी, हा सुतार मला द्या."

"तो द्यायचा नाही. पाभरी कोण करणार?"

पुढच्या तुकडीत मी परत उभी राहिले. भावजी आले होते. "सोबत म्हनून आलो," म्हणाले. म्यान बरोबर नव्हतं, पण नवा पट्टा घातलेला मला दिसला. आमचंच रिव्हॉल्वर विक्रेत्यांनी कागद करून मैदानावर आणलं होतं. सुभेदारांनी आधी रिकाम्यानं सगळं करून घेतलं. उघडा, दाखवा, बंद करा, खाली ठेवा.

"ताई, बोट कुठंय?"

"बाहेर."

"तोंड कुठंय?"

"मातीच्या ढिगाकडं. माझंपण आणि त्याचंपण."

मग सहा गोळ्या. पहिला आवाज झाला आणि माझ्या दाढा वाजल्या. खोटं कशाला सांगू, मी घाबरले. डोळ्यांना पाणी आलं. पण हात वळला नाही. बाभळीनं मला धरलं होतं की मी बाभळीला, कोण जाणे. सहातल्या चार कागदावर लागल्या. एक तर माणसाच्या चित्राच्या टोपीला. सुभेदारांनी कागद उतरवून बघितला.

"नेम सुधारेल. हाताळणी पक्की आहे. पास."

मी भावजींकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते. थोरलीला तिथूनच फोन लावला. पास झाल्याचं सांगितलं. मग म्हणाली, "पाय शाबूत आहेत ना?"

"दोन्ही."

"कागद पाठव. सही करते."

चौकशा, पोलीस, शिक्के ह्यांत पुढचे कितीतरी महिने गेले, पण परवाना माझ्या नावानं आला. परवान्यावरच्या फोटोत माझ्या हातातल्या बांगड्या दिसत नाहीत, खरं तर त्याही दिसाव्यात अशी माझी इच्छा होती. हे गेल्यावर लोकांनी काढायला सांगितल्या तेव्हाही मी काढल्या नव्हत्या.

कुणी विचारतं, आता कुणाला मारणार? कुणाला नाही. बिबट्या आला तर थाळी वाजवते आणि वनखात्याला फोन करते, तो कायदाच आहे. देव करो आणि त्या सहा गोळ्यांनंतर सातवी माझ्या हातून न सुटो. पण माझ्या घरातली वस्तू कुणाच्या कमरेला शोभेल हे चहाच्या बशीवर ठरायचं नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. ते म्हणायला मला एक मूठ लागली.

ह्या खंडेनवमीला पाट मीच मांडला. कोयता, विळा, माझं खुरपं, पंप. रिव्हॉल्वर रिकामं करून, बंदुकीच्या तेलानं पुसून ठेवलं. हळद-कुंकू पेटीला. भावजी आले, प्रसाद घेतला, पाटाजवळ बसले. बघता बघता त्यांचा हात पुढं झाला. "बघू तरी वहिनी."

"लांबूनच नमस्कार करा. परवाना माझा आहे."

हात मागं गेला. तिथूनच मुठीकडं बघत म्हणाले, "मूठ बारकी केली तुमी. आता बाप्याच्या हातात कशी बसायची ती?"

"नाहीच बसायची."

मग मी उठले, फडताळातून कापडात गुंडाळलेली ती जुनी मूठ काढली, कारखान्याच्या दोन्ही फळ्या, आतलं कुंकू पुसून लख्ख केलेल्या. वर झेंडूचं फूल ठेवून त्यांच्या हातात दिल्या.

"हे घ्या. घराण्याची वस्तू आहे. तुमच्या त्या म्यानात बसेल."

भावजींनी त्या फळ्या दोन्ही हातांनी धरल्या. त्यांच्या तळव्यात अगदी बरोबर बसल्या.